बेरोजगारीचा आकडा छापण्याआधी: मराठी दैनिकांचे संपादक आणि जिल्हा वार्ताहर यांना खुलं पत्र

मराठी दैनिकांचे संपादक, जिल्हा वार्ताहर आणि डेस्कवर बातमीला मथळा देणारे सहकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

'जिल्ह्यात इतके लाख बेरोजगार' अशी चौकट अधूनमधून कुठल्या ना कुठल्या जिल्हा आवृत्तीत येतेच. रोजगार मेळावा भरला, पोलीस भरती निघाली किंवा निवडणूक तोंडावर आली की हमखास. हा आकडा खोटा नसतो. तो जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातून, म्हणजे जुन्या बोलीत एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून घेतलेला असतो, आणि तिथे तेवढी नावं खरोखर असतात. पण ती नोंदणी केलेल्यांची नावं असतात. बेरोजगारांची मोजणी तिथे कुणी केलेली नसते.

महास्वयम् या राज्य सरकारच्या रोजगार-नोंदणी पोर्टलवर नाव घालणारा माणूस आज नोकरीत असू शकतो; बरी नोकरी शोधणाऱ्याने नाव घालू नये असा नियम नाही. नोकरी लागल्यावर नाव काढून घ्यायला सहसा कुणी जात नाही. उलट, जिला महिन्यातले पंधरा दिवस काम मिळत नाही अशी शेतमजूर बाई या यादीत जवळजवळ कधीच सापडत नाही. तेव्हा नोंदणीचा आकडा बेरोजगारीपेक्षा जास्तही असू शकतो आणि कमीही, आणि किती जास्त-कमी हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही. त्या कार्यालयाकडून घेण्यासारखं दुसरं बरंच काही आहे: किती आस्थापनांनी रिक्त जागा कळवल्या, त्या कोणत्या शिक्षणाच्या होत्या, मेळाव्यात किती जणांना प्रत्यक्ष नेमणूकपत्र मिळालं. ही माहिती मागितली तर मिळते. मागितली मात्र क्वचितच जाते.

मग जिल्ह्याचा बेरोजगारी दर कुठे मिळेल? खरं उत्तर असं की भरवसा ठेवावा असा जिल्ह्याचा दर प्रसिद्ध होत नाही. तो का होत नाही, आणि त्याच्या जागी काय वापरता येतं, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

देशात नोकरी-धंद्याची पाहणी करणारं मुख्य सरकारी सर्वेक्षण म्हणजे केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, सगळे ज्याला पीएलएफएस म्हणतात ते. एप्रिल २०१७ मध्ये ते सुरू झालं. त्याआधी राष्ट्रीय नमुना पाहणीची मोठी रोजगार फेरी साधारण पाच वर्षांनी एकदा व्हायची. शेवटची २०११-१२ ची. पीएलएफएसचे वार्षिक अहवाल २०२३-२४ पर्यंत जुलै ते जून अशा वर्षाचे आहेत. जानेवारी २०२५ पासून वर्ष जानेवारी ते डिसेंबर झालं, नमुना वाढला आणि मासिक आकडे सुरू झाले. पहिलं मासिक पत्रक एप्रिल २०२५ चं. ते १५ मे २०२५ ला आलं. तेव्हापासून दर महिन्याच्या १५ तारखेच्या आसपास मागच्या महिन्याचं पत्रक येतं. मंत्रालय प्रकाशनांचं वेळापत्रक आधीच जाहीर करतं, त्यामुळे एजन्सीच्या बातमीची वाट बघत बसायची गरज नाही.

गोंधळ इथेच सुरू होतो, कारण या एकाच सर्वेक्षणातून दोन बेरोजगारी दर निघतात. पहिला 'नेहमीच्या स्थिती'चा: मागच्या ३६५ दिवसांत माणूस मुख्यतः काय करत होता, आणि त्याखेरीज किमान ३० दिवस काही दुय्यम काम केलं का. दुसरा 'चालू आठवड्याच्या स्थिती'चा: मागच्या ७ दिवसांत एखाद्या दिवशी किमान १ तास तरी काम केलं का, आणि केलं नसेल तर शोधलं का किंवा करायची तयारी होती का. पहिली चाळण मोठ्या भोकांची आहे. तिच्यातून वर्षभर थोडंफार काम केलेले सगळे 'कामात' म्हणून पडतात. म्हणून पहिला दर नेहमी कमी दिसतो. २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरच्यांचा देशाचा दर पहिल्या पद्धतीने ३.२ टक्के होता, दुसऱ्या पद्धतीने ४.९ टक्के. सर्वेक्षण तेच, वर्ष तेच.

आता मासिक पत्रकात फक्त आठवड्याच्या स्थितीचा दर असतो. एप्रिल २०२५ चा ५.१ टक्के होता. तो वार्षिक अहवालातल्या ३.२ शेजारी ठेवून 'बेरोजगारी वाढली' असा मथळा देणं म्हणजे दोन वेगळ्या मापांनी मोजलेलं कापड जोडून लांबी सांगणं. मे महिन्यात दर ५.६ वर गेला तेव्हाही रब्बीची काढणी संपल्याचा त्यात वाटा होता. मासिक आकड्यांतून हंगामाचा चढउतार काढून टाकलेला नसतो, म्हणून या महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. मालिका एप्रिल २०२५ ला सुरू झाल्याने अशी पहिली जोडी एप्रिल २०२६ ची. त्याआधीच्या प्रत्येक 'महिन्याभरात वाढ', 'महिन्याभरात घट' या बातमीत शेतीच्या हंगामाचा हात किती, हे सांगणारी एक ओळ हवी होती.

वार्षिक अहवालाची पीडीएफ उघडली की आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. एकाच तक्त्यात १५-२९, १५-५९, १५ वर्षांवरील आणि सर्व वयोगट असे शेजारी शेजारी स्तंभ असतात. २०२३-२४ चा श्रमबल सहभाग दर, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून लोकसंख्येचे किती टक्के, तो १५ वर्षांवरील स्तंभात ६०.१ आहे आणि सर्व वयोगटांत ४५.१. दुसऱ्यात पाळण्यातली मुलंही भाजकात आहेत. दोन वर्षांची तुलना करताना एक आकडा या स्तंभातून आणि एक त्या स्तंभातून उचलला गेला, की पंधरा टक्केबिंदूंची 'क्रांती' किंवा 'घसरगुंडी' तयार. दुसरी जागा तरुणांच्या बेरोजगारीची. १५ ते २९ वयोगटाचा २०२३-२४ चा दर १०.२ टक्के. 'दर दहा तरुणांमागे एक बेकार' असं त्याचं मराठी करण्याचा मोह होतो, पण भाजकात सगळे तरुण नाहीत. फक्त काम करणारे आणि शोधणारे आहेत. कॉलेजात असलेले, घरी असलेले वगळले की त्या वयोगटातले निम्म्याहून कमीच उरतात. सगळ्या तरुणांच्या हिशेबाने प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. याचा अर्थ परिस्थिती बरी आहे असा मुळीच नाही. स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली 'शिकत आहे' म्हणून नोंदला गेलेला तिशीकडचा मुलगा या दरात कुठेच दिसत नाही, हे त्याच तक्त्याचं दुसरं अंग.

सर्वेक्षकाच्या प्रश्नावलीत माणूस कसा बसतो ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. जालन्याच्या एखाद्या खेड्यातली बाई घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्वतःच्या रानात सोयाबीन, पाठोपाठ कापूस वेचणी. बाकीचं वर्ष घरकाम, सरपण, पाणी, दोन शेरडं. तिची मुख्य स्थिती संकेतांक ९३ म्हणजे 'घरकाम आणि घरासाठी मोफत गोळा करणं, शिवणं वगैरे' अशी पडेल. पण रानातलं काम ३० दिवसांच्या वर गेलं म्हणून दुय्यम स्थितीत २१, म्हणजे 'घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस'. झालं, वार्षिक दरात ती रोजगारात आली. तीच बाई मे महिन्यात सर्वेक्षकाला भेटली, त्या आठवड्यात रानात गेली नव्हती आणि 'काम शोधलं का, मिळालं तर कराल का' याला नाही म्हणाली, तर आठवड्याच्या हिशेबाने ती श्रमबलाच्या बाहेर. बेरोजगारही नाही. एकाच बाईला दोन चौकटी, आणि पगार दोन्हींत नाही.

बायकांचा श्रमबल सहभाग २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ वर गेला, हे वाक्य भाषणात आणि अग्रलेखात दोन्हीकडे वापरलं जातं. ते खरं आहे. त्याच अहवालमालिकेतला पुढचा तक्ता मात्र फारसा छापून येत नाही: काम करणाऱ्या बायकांत बिनपगारी मदतनीसांचा वाटा २०१७-१८ मध्ये ३१.७ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये ३७.५ झाला, पगारी नोकरीतल्या बायकांचा वाटा याच काळात २१ वरून १५.९ वर आला. वाढ कशाची झाली ते या दोन ओळींत आहे. सहभाग दराची बातमी करताना कामाच्या प्रकाराचा हा तक्ता शेजारी ठेवणं ही आमची पहिली विनंती समजा.

ऊसतोडीला गेलेल्या घरांचं दुखणं वेगळं. बीडच्या गावात दसऱ्यानंतर घराला कुलूप लागतं, माणसं कारखान्याच्या कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांत. सर्वेक्षण घराघरांत जाऊन होतं. कुलूप असलेलं घर त्या भेटीत सुटणारच, आणि कोप्यांची ती वस्ती नमुन्यात निवडली गेली तरच तिथली माणसं सापडणार. त्यामुळे हंगामी स्थलांतरावर पीएलएफएसच्या भरवशावर बोलताना जपून. २०२०-२१ च्या फेरीत स्थलांतराचे वेगळे प्रश्न होते आणि देशात २८.९ टक्के लोक स्थलांतरित असल्याचा आकडा त्यातूनच आला. पण त्यात लग्न होऊन सासरी आलेल्या बायकांचा वाटा फार मोठा आहे. तो आकडा कामासाठीच्या स्थलांतराचा म्हणून छापणं ही नेहमीची चूक.

आता जिल्ह्याकडे. २०२३-२४ मध्ये अख्ख्या देशात १,०१,९५७ कुटुंबं आणि ४,१८,१५९ माणसं पाहिली गेली. राज्याच्या अंदाजाला ते पुरतं, जिल्ह्याला नाही. २०२५ पासून एका वर्षात २२,६९२ गावं आणि शहरी ब्लॉक, प्रत्येकी १२ कुटुंबं, म्हणजे सुमारे २ लाख ७२ हजार कुटुंबं. शिवाय नमुना निवडताना जिल्हा हा पायाचा घटक धरला जातो. इथून पुढे 'आता जिल्ह्याचा दर मिळणार' असा निष्कर्ष काढला जातो. थोडं गणित करू. समजा एका जिल्ह्याच्या वाट्याला ३० गावं-ब्लॉक आले. कुटुंबं ३६०, माणसं साधारण १,४८०, त्यातली १५ वर्षांवरची ११०० च्या आसपास, श्रमबलात ६६० धरा. दर ४ टक्के असेल तर नमुन्यात बेरोजगार माणसं सव्वीस. सात माणसं इकडची तिकडे झाली की दर एका टक्क्याने बदलतो. आणि ही माणसं जिल्हाभर विखुरलेली नसतात. बारा-बारा घरं एकाच गावातली असल्याने ती एकमेकांसारखी असतात, म्हणजे चूक आणखी वाढते. जिल्हा निवडीत धरला जातो तो नमुना नीट पसरावा म्हणून. जिल्ह्याचा दर छापता यावा म्हणून नव्हे.

गोव्याच्या सहकाऱ्यांना हे अधिकच लागू. गोव्याचा दर २०२२-२३ मध्ये ९.७ आणि २०२३-२४ मध्ये ८.५ टक्के होता. महाराष्ट्राचा त्याच वर्षांत ३.१ आणि ३.३. गोव्यात बेरोजगारी जास्त आहे हे इतक्या मोठ्या फरकावरून म्हणता येतं. पण ९.७ वरून ८.५ ही घट सरकारच्या योजनेमुळे, असं म्हणायच्या आधी अहवालाच्या परिशिष्टातला सापेक्ष प्रमाण त्रुटीचा तक्ता उघडावा. प्रत्येक मोठ्या अंदाजाशेजारी तिथे टक्केवारी दिलेली असते. ही टक्केवारी जितकी मोठी तितका तो अंदाज डळमळीत. हा तक्ता उघडायला दोन मिनिटं लागतात.

जिल्हा नाही तर काय? महाराष्ट्रापुरता मधला मार्ग आहे आणि तो फार कमी जणांना माहीत आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने राज्याचे सहा विभाग केले आहेत: मुंबई-ठाण्यासह कोकणपट्टी; पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर; नाशिकसह खानदेश; सगळा मराठवाडा; बुलढाण्यापासून नागपूर-यवतमाळपर्यंतचा विदर्भ; आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व टोकाचा पट्टा. छापील अहवालात विभागवार दर नसतात, पण कच्च्या माहितीत प्रत्येक कुटुंबापुढे विभागाचा तीन अंकी संकेतांक असतो. २७१ ते २७६ आपले. 'मराठवाड्यातली तरुणांची बेरोजगारी' हे वाक्य त्यावरून काढता येतं. 'हिंगोलीतली' हे नाही.

ही कच्ची माहिती मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर फुकट आहे. ई-मेल देऊन खातं उघडायचं, वापराचं कारण लिहायचं, झिप उतरवायची. आत आकड्यांची सलग ओळ असलेल्या मजकूर फायली आणि सोबत एक मांडणीपत्रक असतं: कोणत्या स्थानापासून कोणत्या स्थानापर्यंत काय आहे ते. एक्सेलने चालत नाही असं नाही, पण व्यक्तींची फाइल चार लाखांवर ओळींची असते; आर किंवा पायथॉन या संगणकीय भाषा जाणणारा कॉलेजचा एखादा विद्यार्थी गाठावा. २०२३-२४ पर्यंतच्या फायलींत वार्षिक दरासाठी 'पहिल्या भेटी'चीच व्यक्ती-फाइल घ्यायची. शहरी कुटुंबांना पुढे तीनदा पुन्हा भेट दिलेली असते. पुनर्भेटीची फाइल मिसळली तर शहरं चौपट वजनाची होतात आणि उत्तर सुंदर पण चुकीचं येतं.

दुसरी अडचण वजनाची, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. प्रत्येक व्यक्ती हजारो माणसांची प्रतिनिधी असते, त्यासाठी गुणक दिलेला असतो. जुन्या रचनेत हा गुणक दशांश चिन्हाशिवाय लिहिलेला आहे, म्हणून त्याला १०० ने भागायचं. त्या स्तरात (नमुन्यासाठी पाडलेल्या गटात) नमुन्याच्या दोन्ही भागांतली, म्हणजे उपनमुन्यांतली गावं पाहिली गेली असतील, म्हणजे एनएसएस आणि एनएससी या दोन स्तंभांतले आकडे वेगळे असतील, तर २०० ने. वर्षाचा अंदाज चार तिमाही एकत्र करून काढायचा तर पुन्हा ४ ने. शेवटची पायरी विसरली तर टक्केवारी बिघडत नाही, पण माणसांची संख्या चौपट येते. म्हणूनच ही चूक टक्केवारीच्या बातमीत लपून राहते आणि 'इतके लाख' म्हटलं की बाहेर पडते. हिशेब बरोबर जमलाय का हे तपासायची एकच खात्रीची रीत: आधी राज्य संकेतांक २७ घेऊन महाराष्ट्राचा छापील ३.३ टक्के जसाच्या तसा काढून बघा. तो जुळला तरच विभागाकडे वळा. २०२५ नंतरच्या फायलींत रचना बदलली आहे. तिथे त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचूनच वजन लावावं, जुनी आज्ञावली चिकटवू नये.

इतकं नको असेल तर मंत्रालयाचंच ई-सांख्यिकी पोर्टल बरं. जून २०२४ मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर राज्य, वर्ष, वयोगट, लिंग निवडलं की तयार तक्ता एक्सेलमध्ये उतरतो. रोजच्या बातमीला ते पुरेसं आहे.

टक्क्यांवरून माणसांची संख्या काढायची तर गुणाकार कोणत्या लोकसंख्येशी, हा प्रश्न येतो. सर्वेक्षणाच्या गुणकांची बेरीज लोकसंख्येपेक्षा कमी भरते, हे तज्ज्ञांत उघड गुपित आहे. रूढ रीत अशी की दर सर्वेक्षणातून आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवर आधारलेल्या तज्ज्ञ गटाच्या २०११-२०३६ च्या प्रक्षेपणातून घ्यायची. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवरची प्रत्येक 'कोटी' संख्या या अंदाजावर उभी. रिझर्व्ह बँकेच्या केएलईएमएस या उत्पादकता मोजणाऱ्या माहितीतला ६४.३३ कोटी रोजगारांचा २०२३-२४ चा आकडा, ज्याची तुलना २०१४-१५ च्या ४७.१५ कोटींशी होते, तोही असाच: वेगळी मोजणी नव्हे, याच सर्वेक्षणांचे दर आणि प्रक्षेपित लोकसंख्या यांचा गुणाकार. पीएलएफएसला दुजोरा म्हणून तो छापता येत नाही, कारण साक्षीदार एकच आहे.

भविष्य निर्वाह निधीच्या आकड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण दर महिन्याला 'महाराष्ट्र आघाडीवर' ही बातमी त्यातून येते. २०१८ पासून निधी संघटना दर महिन्याला निव्वळ वाढ जाहीर करते: नवे सभासद, अधिक परत आलेले, उणे सोडून गेलेले. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू. एकोणीस कामगारांच्या वर्कशॉपने विसावा कामगार घेतला की वीसही जण 'नवे' होतात. नोकरी मात्र एकच वाढलेली. ही नोकरी पीएफच्या छत्राखाली आली, हीसुद्धा चांगलीच बातमी आहे, फक्त ती रोजगारनिर्मितीची नाही. पहिला जाहीर आकडा तात्पुरता असतो आणि पुढचे कित्येक महिने मालक विवरणपत्रं भरत राहतात तसा बदलत जातो, म्हणून ताज्या महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या सुधारित महिन्याशी करू नये. राज्यवार तक्ता आस्थापनेची नोंदणी जिथे आहे त्यावर जातो. मुंबई-पुण्यात नोंदणी असलेली कंपनी आपली माणसं दुसऱ्या राज्यात नेमत असेल तरी वाढ आपल्या खात्यावर. आणि उद्योगवार तक्त्यातल्या 'तज्ज्ञ सेवा' या भारदस्त नावाखाली मनुष्यबळ पुरवणारे ठेकेदार आणि सुरक्षारक्षक एजन्सी असतात. वाढीचा मोठा वाटा तिथलाच. मथळ्यात 'तज्ज्ञांच्या नोकऱ्या' लिहू नका. कर्मचारी राज्य विम्याचे आकडे साधारण १० कामगारांच्या आस्थापनेपासून धरतात आणि त्यांची पगारमर्यादा वेगळी आहे. एकच माणूस दोन्हीकडे असतो, त्यामुळे दोन्हींची बेरीज करू नये.

कारखान्यांसाठी वार्षिक उद्योग पाहणी आहे. कारखाने अधिनियम १९४८ खालचे, म्हणजे वीज वापरून १० किंवा विजेविना २० कामगार असलेले कारखाने त्यात येतात. कंत्राटी कामगार वेगळे दाखवलेले असतात आणि आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींची बातमी खरं तर त्या स्तंभात आहे. देशातल्या कारखान्यांत २०२२-२३ मध्ये १.८४ कोटी आणि २०२३-२४ मध्ये १.९५ कोटी माणसं कामाला होती. आकडे वर्षा-दीड वर्षाने येतात. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत कारखान्याची मर्यादा २० आणि ४० झाली आहे, तेव्हा पुढच्या वर्षांची तुलना करताना व्याप्ती तीच ठेवली का, हे आधी बघावं लागेल. सामंजस्य करारांतल्या 'अमुक हजार रोजगार' या घोषणा पाच वर्षांनी पडताळायला मात्र ही पाहणी चांगली.

टपरी, किराणा, शिवणकाम, खासगी शिकवणी हे सगळं असंघटित उपक्रमांच्या वार्षिक पाहणीत मिळतं: २०२३-२४ मध्ये ७.३४ कोटी उपक्रम, १२.०६ कोटी माणसं. शेती आणि बांधकाम त्यात नाही. आर्थिक गणनेवर विसंबू नका. सहावी २०१३ ची, आणि सातवीचे निकाल प्रसिद्ध झालेच नाहीत.

महागाई भत्त्याच्या बातम्यांसाठी लागणारा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक लेबर ब्युरो काढतो. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर ही त्याची जुनी केंद्रं. सप्टेंबर २०२० पासून पायाभूत वर्ष २००१ वरून २०१६ झालं. ऑगस्टचा निर्देशांक ३३८ होता, सप्टेंबरचा ११८.१. किमती पडल्या नाहीत. जुन्याशी जोडायला नव्याला २.८८ ने गुणायचं, म्हणजे ३४० येतात. वेतन करारांत अजून जुन्या पायाचे उल्लेख असतात, म्हणून हा गुणक कामगार बीट सांभाळणाऱ्याने टेबलावर चिकटवून ठेवावा. ज्या मुंबईत १९२१ पासून सरकारी लेबर गॅझेट निघत आलं, तिथल्या वाचकाला एवढी बारकाई अवघड नाही.

राज्याच्या पातळीवर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते, मराठीत येते. रोजगाराचे तक्ते बहुतांशी पीएलएफएसचेच असतात. तळटीप वाचून मूळ वर्ष लिहा, पाहणीचं वर्ष नको. जिल्हा सांख्यिकी कार्यालयांचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' हा दुर्लक्षित खजिना आहे, पण त्यातले मुख्य आणि सीमांतिक कामगारांचे आकडे २०११ च्या जनगणनेचे. मुख्य म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेला. तालुक्याचा आणि गावाचा कामगारांचा आकडा हवाच असेल तर आजही तोच एक आहे. वर्ष ठळक छापून वापरावा.

एवढं करूनही हवी ती माहिती मिळाली नाही तर संसदेच्या संकेतस्थळावर खासदारांच्या प्रश्नांची उत्तरं शोधा; श्रम मंत्रालयाच्या उत्तरांना जोडलेली राज्यवार परिशिष्टं बऱ्याचदा अहवालांत नसतात. शेवटी माहितीचा अधिकार. 'जिल्ह्यात किती बेरोजगार आहेत ते सांगा' असा अर्ज केला तर 'माहिती उपलब्ध नाही' हेच उत्तर येणार, आणि ते नियमाला धरून असेल. कार्यालयाने नवी माहिती तयार करून द्यावी असं कायदा म्हणत नाही. असलेला कागद मागा: अमुक आर्थिक वर्षात कळवलेल्या रिक्त पदांची शिक्षणानुसार यादी, मेळाव्यांतल्या प्रत्यक्ष नेमणुकांचा मासिक अहवाल. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर त्यांनीच ५ दिवसांत तो तिकडे पाठवायचा असतो. 'आमच्याकडे नाही' म्हणून अर्ज परत आला तर कलम ६(३) दाखवा.

आमची मागणी एका ओळीच्या जागेची आहे. रोजगाराच्या प्रत्येक आकड्याखाली, छायाचित्राखाली ओळ देता तशी, बारीक अक्षरात चार गोष्टी द्या: कोणतं सर्वेक्षण, कोणता काळ, कोणता वयोगट, वर्षाची स्थिती की आठवड्याची. नोंदणी केंद्राचा आकडा असेल तर 'नोंदणीकृत उमेदवार' असं लिहा. आणि 'सरकारी आकडेवारीनुसार' एवढ्याच शब्दांवर बातमी आली, तर कोणत्या सरकारी आकडेवारीनुसार, हे बातमी पाठवणाऱ्याला डेस्कने तिथल्या तिथे विचारावं.

आपले,
श्रम आकडेवारीवर काम करणारे काही वाचक